तक्रारदाराची शिफ्ट कोणी बदलली? कंपनीत सूडविरोधी धोरण बसवण्याची रीत

गोव्यात वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात गैरप्रकाराची तक्रार केली म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणाला सहसा काढून टाकत नाहीत. इतका उघड सूड अंगाशी येतो, हे सगळ्यांना कळते. घडते ते वेगळेच. आठवड्याला दहा-बारा तास मिळणारा ओव्हरटाइम दोनवर येतो. सलग तीन आठवडे रात्रपाळी लागते. ‘रूट बदलला’ म्हणून कंपनीच्या बसचा फोंड्यातला थांबा जातो. चतुर्थीची रजा ‘यंदा जमणार नाही’ असे उत्तर येते. प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि एकेक कारण सुटे पाहिले तर पटतेही. हॉटेलात तर एवढीही मेहनत लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर हंगाम संपतो, करार संपतो आणि ऑक्टोबरात परत बोलावणे येत नाही.

म्हणून ‘तक्रारदारावर सूडाची कारवाई होणार नाही’ हे वाक्य फ्रेम करून गेटवर लावल्याने काही साधत नाही. हे छोटे निर्णय जिथे होतात तिथे धोरण शिरले पाहिजे: शिफ्टचा तक्ता, मस्टर, अप्रेझलचा फॉर्म, रजेचा अर्ज, कंत्राटदाराची माणसांची यादी. पुढची सगळी पावले याच जागांभोवती आहेत.

कायदा किती मागतो

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मधील पोटकलमे ९ आणि १० नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला ‘व्हिजिल मेकॅनिझम’, म्हणजे गैरप्रकार निर्धास्तपणे कळवण्याची अंतर्गत व्यवस्था, ठेवावे लागते. २०१४ च्या संचालक मंडळ बैठकांच्या नियमांतला नियम ७ हीच सक्ती आणखी दोन गटांवर आणतो: लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, म्हणजे आपण सुटलो, असे मानण्याआधी कर्जाचा आकडा तपासा. जिथे ऑडिट कमिटी (हिशेबांवर देखरेख ठेवणारी संचालकांची समिती) असणे सक्तीचे नाही, तिथे मंडळाने एका संचालकाला या कामासाठी नेमायचे असते. छळापासून पुरेसे संरक्षण आणि गरज पडल्यास ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे थेट जाण्याची वाट, या दोन्ही गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या आहेत. हे पाळले नाही तर कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला १ लाख रुपये दंड आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना शिवाय सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमांतला विनियम २२ लागू आहे. ज्या कंपन्यांना ‘कारो २०२०’ (ऑडिटरने अहवालात काय लिहायचे ते ठरवणारा सरकारी आदेश) लागू आहे, त्यांच्या ऑडिटरला वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर (गैरप्रकाराची खबर देणाऱ्यांच्या) तक्रारी आपण विचारात घेतल्या का, हे अहवालात लिहावे लागते. त्यामुळे तक्रारींचे रजिस्टर कोरे ठेवून चालत नाही.

२०१४ साली संसदेने व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा संमत केला, पण तो सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे आणि अजून अमलातही आलेला नाही. खासगी कंपनीतल्या माणसाला त्याचा आधार नाही. कामगाराला सूडाने काढणे किंवा धोरणाच्या आडून वाईट हेतूने बदली करणे औद्योगिक कायद्यातल्या अनुचित प्रथांच्या यादीत येते, आणि त्यासाठी पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे दार आहे. पण कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ म्हणून बसतो त्यालाच हे दार उघडते. बिलांमधला घोटाळा पकडणारा अकाउंट्स मॅनेजर किंवा क्वालिटी विभागाचा प्रमुख त्यात सहसा बसत नाही. अशांना कंपनीचे स्वतःचे धोरण हेच मुख्य छत्र उरते, म्हणून ते नीट लिहायचे.

पहिले पाऊल: कोणाकोणावर छत्र धरायचे

‘कर्मचारी’ एवढाच शब्द लिहिला तर निम्मी माणसे बाहेर राहतात. कंत्राटी कामगार, अप्रेंटिस, ट्रेनी, हंगामी करारावरचे, नोकरी सोडून गेलेले, माल पुरवणारे आणि ट्रक चालवणारे, सगळ्यांची नावे घ्या. त्यापुढे आणखी तीन गट लिहा: चौकशीत साक्ष देणारा, तक्रारदाराला मदत करणारा, आणि चूक करायला नकार देणारा. तिसरा गट विसरला जातो. मागची तारीख घालून सही करायला नाही म्हणणाऱ्या माणसाने तक्रार अशी केलेलीच नसते, पण डूख त्याच्यावर धरला जातो. त्याचप्रमाणे तक्रारदार म्हणून ज्याच्यावर संशय आला, पण प्रत्यक्षात ज्याने तक्रार केली नाही, त्यालाही संरक्षण हवे. लहान गावात चुकीच्या माणसावर बोट रोखले जाणे नेहमीचेच.

विषयांची यादी थोडक्यात लिहा: पैशांचा घोटाळा, लाच, खोटे रेकॉर्ड, सुरक्षेचा धोका, प्रदूषण, शेअरच्या किमतीवर परिणाम करणारी आतली माहिती फोडणे. पगारवाढ किंवा कॅन्टीनची तक्रार नेहमीच्या ग्रीव्हन्स कमिटीकडे जाईल. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाईल. मात्र या दोन्हींपैकी काहीही केल्याबद्दल जो सूड उगवला जाईल, तो या धोरणाखाली येईल, असे एक स्पष्ट वाक्य टाका.

सूड म्हणजे काय, ते गोव्यातल्या कारखान्याच्या आणि हॉटेलच्या भाषेत लिहा: पाळी बदलणे, ओव्हरटाइम तोडणे, बसचा थांबा किंवा क्वार्टर काढून घेणे, ट्रेनिंगमधून वगळणे, अप्रेझल उतरवणे, किरकोळ कारणांचे मेमो, हंगामी करार न वाढवणे, कंत्राटदाराला ‘तो माणूस उद्यापासून पाठवू नका’ असा फोन करणे, अनुभवपत्र अडवणे, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढणे, सहकाऱ्यांना बोलू नका म्हणून सांगणे. यादी जितकी रोजच्या व्यवहारातली, तितकी पुढे वाद घालायला जागा कमी.

तक्रारीच्या वाटा

किमान तीन वाटा हव्यात आणि त्यातली एक तरी प्लांटच्या व्यवस्थापनाला पूर्ण टाळून जाणारी हवी: ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाचा किंवा नेमलेल्या संचालकाचा स्वतंत्र ईमेल, जो कंपनीच्या आयटी विभागाला उघडता येणार नाही. दुसरी वाट फोनची. तिसरी तक्रारपेटी.

पेटीचे सांगायचे तर बऱ्याच ठिकाणी ती टाइम ऑफिसच्या दाराशी, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली टांगलेली असते. पेटीत कागद टाकणारा हात कॅमेऱ्यात दिसतो, मग नाव लिहिले काय आणि नाही लिहिले काय! पेटी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर, जिथे कॅमेरा नाही आणि सगळेच येत-जात असतात, अशा जागी लावा. दोन कुलपे ठेवा. एक किल्ली संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारदारावर सूड उगवला जात नाही ना हे पाहायला नेमलेल्या माणसाकडे, दुसरी कामगार प्रतिनिधीकडे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून उघडायची आणि रिकामी निघाली तरी तारीख घालून नोंद करायची.

भाषेचा प्रश्न गोव्यात खास आहे. कोकणी देवनागरीत वाचणारे आहेत आणि रोमीत (रोमन लिपीत) वाचणारेही आहेत, शिवाय मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया. सूचनाफलक निदान मराठी, दोन्ही लिप्यांतली कोकणी, हिंदी आणि कन्नड यांत लावा. लिहिता न येणाऱ्यासाठी फोनवर बोलून तक्रार नोंदवण्याची सोय असू द्या, पण मूळ आवाज तपास करणाऱ्यांत फिरवू नका. बोललेले टाइप करून घ्या आणि ध्वनिफीत फक्त संरक्षण अधिकाऱ्याकडे ठेवा. दोन वाक्यांत आवाज ओळखणारे सुपरवायझर असतात.

निनावी तक्रार स्वीकाराच. प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि एक सांकेतिक शब्द द्या, म्हणजे माणूस नाव न सांगता पुन्हा फोन करून ‘माझ्या तक्रारीचे काय झाले’ विचारू शकतो आणि तपास करणाऱ्यालाही उलट प्रश्न विचारता येतात. पोच ७ दिवसांत आणि काय केले ते ३ महिन्यांत कळवा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात हीच मुदत आहे, आणि तिथे माल पाठवणाऱ्या कंपन्यांना ती पुढेमागे विचारली जाऊ शकते.

नाव फुटते कुठून

नाव क्वचितच कोणी मुद्दाम सांगतो. ते तपासाच्या रीतीतून गळते. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलचे उदाहरण घेऊ. एका ॲनालिस्टने कळवले की अमुक तारखेच्या रात्रपाळीत एका बॅचची चाचणी फेल आली, ती नोंद न ठेवता पास येईपर्यंत पुन्हा चालवली. चौकशी अधिकारी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन त्याच यंत्राची त्याच रात्रीची ऑडिट ट्रेल (यंत्रात आपोआप राहणारी प्रत्येक कृतीची नोंद) मागतो. त्या रात्री लॅबमध्ये तिघेच होते. एक आरोपी, एक त्याचा दोस्त. संध्याकाळपर्यंत तिसऱ्याचे नाव कॅन्टीनमध्ये पोहोचलेले असते.

हाच तपास असा करायचा: पूर्ण महिन्याची आणि त्या लॅबमधल्या चार-पाच यंत्रांची ट्रेल ‘वार्षिक डेटा तपासणी’ म्हणून मागायची, ती तपासणी खरोखर करायची आणि हवी ती रात्र त्यात शांतपणे पाहायची. वेळ दोन-तीन दिवस जास्त लागतो. आधी पुरावा सुरक्षित करा, मग माणसांना बोलवा. उलटे केले तर पुरावा आणि नाव दोन्ही हातचे जातात.

बारीक गोष्टीही लिहून ठेवा. हस्ताक्षरातली चिठ्ठी तपास करणाऱ्याला दाखवायची नाही, टाइप केलेली प्रत द्यायची. टाइप करताना ‘काल मी पॅकिंगला असताना’ यासारखी ओळख सांगणारी वाक्येही सर्वसाधारण करायची. फोटो आणि वर्ड फाइलमध्ये फोनचे मॉडेल, वेळ, तयार करणाऱ्याचे नाव दडलेले असते, ते काढूनच पुढे पाठवायचे. जबाब शॉप फ्लोअरवरच्या काचेच्या केबिनमध्ये नकोत, आणि एकट्यालाच बोलावू नका. त्या विभागातल्या आठ-दहा जणांना सारखाच वेळ देऊन बोलवा, नाहीतर जो चाळीस मिनिटे आत बसला तोच तक्रारदार ठरतो. आरोपीला आरोप सांगावे लागतात, स्रोत सांगावा लागत नाही. मात्र प्रकरण डोमेस्टिक इन्क्वायरीपर्यंत (कंपनीच्या अंतर्गत शिस्तभंग चौकशीपर्यंत) गेले आणि तक्रारदाराची साक्षच एकमेव आधार असेल, तर उलटतपासणीत नाव उघड होऊ शकते. ही गोष्ट तक्रारदाराला पहिल्याच भेटीत सांगा. ‘नाव कधीच कळणार नाही’ असे वचन देणे सरळ फसवणूक आहे.

‘हे लिहिले कोणी’ याचा शोध घेणे हाच स्वतंत्र गुन्हा धरा, अगदी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठीसुद्धा. बार्कलेज बँकेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी जेस स्टेली यांनी २०१६ मध्ये एका निनावी पत्राचा लेखक हुडकायचा प्रयत्न केला, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश नियामकांनी त्यांना ६,४२,४३० पौंड दंड केला. लेखक सापडला नव्हता. नुसत्या प्रयत्नाबद्दल हा दंड होता.

मुख्य काम: आधीची स्थिती नोंदवणे आणि निर्णयांना चाळणी लावणे

सूड झाला का, हे ठरवायला आधी काय होते ते माहीत हवे. तक्रार आल्यापासून ३ दिवसांच्या आत संरक्षण अधिकाऱ्याने मागच्या ६ महिन्यांची ही माहिती गोठवून ठेवायची: पाळ्यांचा क्रम, दर महिन्याचे ओव्हरटाइमचे तास, मागितलेल्या आणि मिळालेल्या रजा, शेवटची दोन अप्रेझल, मेमो, ट्रेनिंग, बसचा थांबा, राहण्याची सोय, कोणाच्या हाताखाली काम, करार संपण्याची तारीख. एवढे एका पानावर मावते. एकट्याची नाही, अख्ख्या विभागाची माहिती घ्या. दोन कारणे आहेत. तक्रार निनावी असली तरी संरक्षण लागू होते, आणि तुलना करायला बाजूच्या माणसाचे आकडे मिळतात. पुढे सगळ्यांचाच ओव्हरटाइम घटला असेल तर ऑर्डर कमी झाल्या असतील. एकाचाच घटला असेल तर उत्तर मागायचे.

इथे एक फसगत आहे. ‘या माणसाबाबत मला विचारल्याशिवाय काही करू नका’ अशी चिठ्ठी संरक्षण अधिकाऱ्याने एचआरला पाठवली, की नाव एचआरला कळले. म्हणजे संरक्षणाच्या हातानेच नाव फुटले. त्यावर उपाय म्हणजे चाळणी कायमची आणि सगळ्यांसाठी ठेवणे. प्लांटमधली प्रत्येक बदली, मेमो, सस्पेन्शन, नोकरी समाप्ती, करार न वाढवणे आणि अप्रेझलमधली एका श्रेणीहून मोठी घसरण, यांची यादी निर्णय अमलात येण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जावी. तक्रार असो नसो, दर आठवड्याला. त्याने २ कामाच्या दिवसांत ‘पुढे जा’ किंवा ‘कागद दाखवा’ एवढेच उत्तर द्यायचे. यादीतल्या दर पंचवीसपैकी चार-पाच नावांवर अधूनमधून उगाचच कागद मागवावेत, म्हणजे मागवल्यावरून अंदाज बांधता येत नाही. तीनशे माणसांच्या कारखान्यात हे काम आठवड्याला तास-दीड तासाचे आहे.

ही चाळणी तक्रारीनंतर किमान १२ महिने, आणि अप्रेझल वर्षातून एकदाच होत असेल तर दोन अप्रेझल होईपर्यंत बारकाईने चालवा. सूड उगवणारा माणूस सहा महिने गप्प बसतो आणि मार्चची वाट पाहतो. हॉटेलांनी पुढचा हंगाम सुरू होताना कोणाला परत बोलावले नाही, त्या यादीवर हीच चाळणी लावावी.

संरक्षण अधिकारी एचआरचा नको. बहुतेक सूड एचआरच्या सहीनेच बाहेर पडतो, भले हेतू दुसऱ्याचा असेल. इंटर्नल ऑडिटचा माणूस चालेल, कंपनी सेक्रेटरी चालेल. त्याचे स्वतःचे अप्रेझल प्लांट हेडच्या हातात नसावे.

सूड झाल्याची तक्रार आली तर

तिला नवा क्रमांक द्या आणि तपास दुसऱ्या माणसाकडे द्या. मूळ तक्रार खरी ठरली की खोटी, याचा इथे संबंध नाही. तक्रार चुकीची निघाली म्हणून सूड रास्त ठरत नाही.

४८ तासांत वादातला निर्णय तात्पुरता थांबवा. माणसाला हलवायचेच असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला हलवा. तक्रारदाराने स्वतःहून मागितले तरच त्याची बदली किंवा पगारी रजा. लैंगिक छळविरोधी कायद्याच्या कलम १२ मध्ये चौकशीकाळात पीडितेच्या लेखी विनंतीवरून बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजा देता येते, त्याच धर्तीवर हे कलम लिहावे. ‘तुमच्याच भल्यासाठी तुम्हाला डिचोलीच्या गोदामात पाठवतो’ हे संरक्षण नव्हे.

पुराव्याचे ओझे व्यवस्थापनावर ठेवा. तक्रारदाराने तीन गोष्टी दाखवायच्या: आपण काही कळवले होते किंवा तसा आपल्यावर संशय होता, त्यानंतर तोटा झाला, आणि तोटा करणाऱ्याला ते ठाऊक असण्याची शक्यता होती. पुढे व्यवस्थापनाने तक्रारीआधीच्या तारखेचे कागद दाखवून सिद्ध करायचे की हा निर्णय एरवीही झाला असता. तक्रारीनंतर अचानक जाड झालेली फाइल पुरावा धरू नये. तीन वर्षे ‘चांगले’ शेरे आणि मग महिन्याभरात चार मेमो, असा नमुना दिसला की तपास अर्धा तिथेच संपतो.

३० दिवसांत निकाल द्या. भरपाई मोजून द्यायची: बुडालेला ओव्हरटाइम विभागाच्या सरासरीने, अप्रेझल दुसऱ्या वरिष्ठाकडून नव्याने, मेमो फाइलमधून काढून टाकणे, काढले असेल तर मागील पगारासह परत घेणे. सूड करणाऱ्याला होणारी शिक्षा मूळ गैरप्रकाराइतकीच गंभीर असावी आणि ती स्टँडिंग ऑर्डर्स (कारखान्याचे सेवानियम) व नेमणूकपत्रात गैरवर्तन म्हणून आधीच नोंदलेली असावी, नाहीतर शिक्षा कोर्टात टिकणार नाही.

कंत्राटी कामगारासाठी कंत्राटातच कलम टाका: तक्रारीनंतर १२ महिन्यांत कंत्राटदाराने माणूस बदलला तर लेखी कारण द्यावे, आणि सूड ठरल्यास त्या माणसाचा पगार भरून देऊन कंत्राट रद्द करण्याचा हक्क कंपनीला राहील. कंपनीच्या सुपरवायझरने कंत्राटदाराला तोंडी ‘उद्यापासून नको’ सांगणे बंद करा. बदलीची विनंती ईमेलवर, कारणासह.

दोन कलमे जपून लिहा

पहिले खोट्या तक्रारीचे. नियम ७ मध्ये वारंवार फालतू तक्रारी करणाऱ्यावर, समज देण्यासह योग्य कारवाईची मुभा आहे. ‘वारंवार’ हा शब्द गाळून अनेक कंपन्या ‘तक्रार खोटी निघाल्यास नोकरीवरून काढले जाईल’ असे जाड अक्षरांत छापतात, आणि त्या एका ओळीने बाकीची दहा पाने वाया जातात. लिहायचे ते असे: खोटे आहे हे माहीत असताना केलेली तक्रारच कारवाईला पात्र राहील, सिद्ध न झालेली नाही, आणि कारवाईची परवानगी ऑडिट कमिटीच देईल. ‘शुद्ध हेतू’ हीही अट नको. साहेबाशी भांडण असलेला माणूसही खरी गोष्ट सांगू शकतो.

दुसरे गोपनीयतेच्या कराराचे. नोकरी सोडताना सही घेतात त्या कागदात ‘कंपनीची कोणतीही माहिती कोणालाही देणार नाही’ असे असते. त्यात अपवाद घाला: सेबी, कारखाने व बाष्पके निरीक्षणालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस, कोर्ट यांना दिलेली माहिती. आतल्या माहितीवरून होणाऱ्या शेअर व्यवहारांबाबत सेबीने २०१९ पासून खबर देणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था आणि बक्षीस ठेवले आहे. त्याला अडवणारा करार निरर्थक आहे. बाहेरची वाट बंद केली की माणूस गप्प बसतो असेही नाही. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतल्या खोट्या डेटाबद्दल आत काही हलले नाही, तेव्हा तिथले अधिकारी दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये नोकरी सोडली आणि अमेरिकी यंत्रणांना माहिती दिली. २०१३ मध्ये कंपनीने तिथे ५० कोटी डॉलर मोजले.

चाळीस माणसांच्या युनिटमध्ये

कायद्याची सक्ती नसलेल्या लहान कंपनीत मालक, प्लांट हेड आणि एचआर कधी एकच माणूस असतो, किंवा एकाच घरातले तिघे. तिथे बाहेरचा माणूस लागतो: कंपनीचे ऑडिट न करणारा चार्टर्ड अकाउंटंट, निवृत्त कामगार अधिकारी किंवा वकील. त्याला वर्षाचे ठरावीक मानधन द्या, कंपनीच्या नफ्याशी न जोडता. धोरण दोन पानांत बसवा. चाळणीऐवजी एकच नियम पुरे आहे: कोणालाही काढण्यापूर्वी किंवा पगार कमी करण्यापूर्वी त्या बाहेरच्या माणसाला एक फोन.

पाठपुराव्याचे फोन

तक्रारीनंतर १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी संरक्षण अधिकाऱ्याने तक्रारदाराला स्वतः फोन करायचा, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, कंपनीच्या लँडलाइनवरून नव्हे. ‘सगळे ठीक ना?’ विचारले तर ‘हो’ असेच उत्तर येते. प्रश्न मोजता येणारे हवेत: गेल्या महिन्यात ओव्हरटाइम किती तास मिळाला? कोणती पाळी होती? मागितलेली रजा मिळाली का? जेवायला कोणाबरोबर बसता? उत्तरे गोठवलेल्या पानाशेजारी लिहायची. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे जुळली आणि चौथ्याला पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही, तर पुढच्या फोनसाठी महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात भेटा.